मागच्या सीटवर बसणारे वकीलकाका

टायर घ्यायला गेलेल्या माणसाला टायर मिळावेत, एवढीच माफक अपेक्षा असते. पण बसस्टँडच्या मागच्या गल्लीतल्या त्या दुकानात आधी जबानी द्यावी लागे. गाडी चालवतं कोण? रोज किती चालते? त्यात डांबर किती, माती किती? माती भुसभुशीत की चिकट? चढ आहे? चढावर वळण आहे? वळणावर समोरून काही येतं? या सगळ्याची उत्तरं मिळाल्याशिवाय मालक खुर्चीतून उठून टायरांच्या रांगेकडे वळत नसत. घाईचं गिऱ्हाईक वैतागून निघून जाई, आणि मालक त्याला खुशाल जाऊ देत. अशाने धंदा कसा होतो हे कुणाला कळत नसे, पण दुकान अठरा वर्षं उघडं होतं. सगळे त्यांना वकील म्हणत, आणि लहान मंडळी वकीलकाका. कोर्टाची पायरी मात्र ते जन्मात चढले नव्हते. दुकानाआधी बावीस वर्षं त्यांनी घाटातली बस चालवली होती, आणि पाठीने संप पुकारला तेव्हा सोडली होती.

उलटतपासणी संपली की फेरी. गिऱ्हाइकाने गाडी चालवायची आणि काकांनी मागच्या सीटवर बसायचं. पुढे नाही, मागेच. ही सवय त्यांना बसच्या दिवसांत लागली. एकदा सुट्टीच्या दिवशी ते आपल्याच मार्गावरच्या बसने बहिणीकडे निघाले, जागा मिळाली ती शेवटच्या बाकावर. उतरले तेव्हा त्यांना धड उभं राहता येईना. इतकी वर्षं आपण माणसांना हे देत होतो, आणि पुढे गादीवर बसून शीळ घालत होतो, याची त्यांना इतकी लाज वाटली की बहिणीकडे ते जेवलेही नाहीत. तेव्हापासून मागे बसल्याशिवाय त्यांचा कोणत्याही गाडीवर विश्वास बसत नसे.

हा नियम त्यांनी अठरा वर्षांत एकदाच मोडला, आणि तो नेमका एका सूनबाईच्या बाबतीत.

सूनबाई घरी बसून शाळेचे गणवेश शिवायची. नवरा जहाजावर इंजिनरूममध्ये कामाला, वर्षातले आठ महिने पाण्यावर. घरात ती आणि सासूबाई. घर खाणीच्या पलीकडे, मुख्य रस्त्यापासून सात किलोमीटर आत, आणि ते सातही किलोमीटर मातीचे. पुढे चौतीस किलोमीटर चांगलं डांबर, मग शहर, आणि शहरात ते हॉस्पिटल, जिथे सासूबाईंना सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी चार-चार तास मशीनला जोडून ठेवत. दोन्ही मूत्रपिंडांनी काम थांबवलं होतं. जुनी उंच जीप सूनबाईच चालवायची. मागच्या सीटवर उशी टाकून सासूबाई आडव्या होत, कारण मशीनवरून उतरल्यावर बसण्याइतकंही त्राण त्यांच्यात उरत नसे.

सासूबाई म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. तीस वर्षं त्यांनी टायपिंगचे वर्ग चालवले होते. शहरातल्या अर्ध्या कचेऱ्यांमधली बोटं त्यांच्या हाताखाली सरळ झालेली. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. आजार कळला त्या दिवशीच त्यांनी सुनेला बजावलं होतं, "हे घराबाहेर जाता कामा नये. एकदा लोकांना आजार कळला की ते आजाराचीच चौकशी करतात, माझी करत नाहीत." सुनेने ते इतकं पाळलं की हॉस्पिटलच्या दारात ओळखीचं कुणी भेटलं तर ती बेधडक सांगे, "दाताच्या डॉक्टरकडे आलोय." सासूबाईंच्या तोंडात एव्हाना दात किती उरले असतील, याचा हिशोब लोकांनी काय लावला असेल कोण जाणे.

घोडं अडलं ते पावसात. जीपला साधे डांबरी रस्त्याचे टायर होते. त्यांच्या बारीक खाचा चिखलाने बुजल्या की चाक आणि साबणाची वडी यांत काही फरक उरत नसे. एका सोमवारी खाणीजवळच्या चढावर जीप जागच्या जागी फिरत राहिली आणि मग आडवी होऊन बसली. ट्रॅक्टर येईपर्यंत तीन तास गेले, मशीनची वेळ टळली. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना धाप लागली, ओठ निळसर पडले, आणि त्यांना हॉस्पिटलात पोचवेपर्यंत सूनबाईचा जीव टांगणीला लागला. त्या आठवड्यातच तिने ठरवलं, टायर बदलायचे. खाणीच्या कंत्राटदाराच्या गाडीला होते तसे, मोठमोठ्या ठोकळ्यांच्या नक्षीचे, बघूनच चिखलाचे धाबे दणाणावेत असे.

शनिवारी ती वकीलकाकांच्या दुकानात गेली. सासूबाई मागच्या सीटवर होत्या, घरी एकटं ठेवणं शक्य नव्हतं म्हणून.

"चिखलाचे हवेत," ती म्हणाली. "सगळ्यात मोठे."

"एकूण किती चालते गाडी?"

"एका खेपेला एक्केचाळीस."

"त्यात माती?"

"सात."

"म्हणजे सातासाठी चौतिसाला शिक्षा," काका म्हणाले. "ताई, ते टायर डांबरावर भुंग्यासारखे गुणगुणतात, लवकर झिजतात, आणि ओल्या डांबरावर ब्रेक मारलात तर तुम्हाला जिथे थांबायचंय त्याच्या पुढे जाऊन थांबतात. तुम्हाला दोन्हीकडचे लागतील. माती धरतील इतक्या रुंद खाचा, आणि डांबरावर त्रास देणार नाहीत इतक्याच. लोक त्याला ऑल-टेरेन म्हणतात. आता त्यातही दोन जाती आहेत. मागे काय असतं तुमच्या?"

इथे सूनबाई अडखळली. मागे काच खाली करून सासूबाई ऐकत होत्या. खरं सांगायची सोय नव्हती.

"सामान असतं," ती म्हणाली. "पोती."

"जड?"

"खूप."

काकांनी मान डोलावली. गाडीपाशी आले, सवयीने मागचं दार उघडलं, आणि आत ताठ मानेने बसलेल्या सासूबाईंना बघून थबकले. अनोळखी वयस्कर बाई, चेहऱ्यावर मुख्याध्यापिकेचा भाव. त्यांच्या शेजारी अंग चोरून बसायचा काकांना धीर झाला नाही. "नमस्कार मावशी," म्हणत त्यांनी दार हलकेच लावलं आणि पुढे येऊन बसले. फेरी मारली ती बाजारामागच्या कच्च्या रस्त्यापर्यंत. आरशात त्यांना दिसलं की मावशींनी दारावरची मूठ घट्ट धरली आहे. त्यांना वाटलं, दुकानदाराने गाडीत चढावं हे बाईंना आवडलेलं नाही.

मग त्यांनी पोत्यांना शोभतील असे टायर घातले. नक्षी दोन्हीकडची, पण बाजूचं रबर जाड, मालवाहू गाडीचं. हवाही मालाच्या हिशोबाने टणक भरली. घरी परत येताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पोतं बसलंय ग मागे. जरा हळू घे."

टायर होते मात्र गुणाचे. दोन आठवडे धो धो पाऊस झाला आणि जीप त्या चढावरून अशी वर गेली की जणू तिथे चढ नव्हताच. सूनबाई खूश झाली. पण पुढे बसणाऱ्याची खुशी ती, मागची गोष्ट निराळी होती. त्या जाड टायरांनी रस्त्यातला प्रत्येक दगड जसाच्या तसा वर पाठवला. सासूबाईंची हाडं आजाराने ठिसूळ झालेली, पाठीचे मणके आधीच दुखरे. जाताना त्या सहन करत. येताना, अंगातलं पाणी काढून घेतल्यावर, प्रत्येक खड्ड्याला त्यांच्या तोंडून एक बारीक आवाज निघे. तो सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून त्या खोकत. सुनेला दोन्ही ऐकू येत. ती गाडी आणखी हळू घेई, आणि हळू घेतल्याने तो आवाज फक्त जास्त वेळ चाले.

एका रविवारी सकाळी सासूबाईंनी सुनेला समोर बसवलं. आवाजात राग नव्हता. वर्गात वेळापत्रक सांगावं तशा म्हणाल्या, "उद्या जाऊ, बुधवारी जाऊ. बुधवार शेवटचा. शुक्रवारपासून मी येणार नाही."

"आई, काय बोलताय? मशीन बंद केलं तर..."

"काय होतं ते मला माहीत आहे. मशीनचं मला काही वाटत नाही, तिथे पोरी चांगल्या आहेत. मला तो रस्ता सोसत नाही. आठवड्यातून सहा वेळा मार खायचा, आणि कशासाठी, तर पुन्हा खाता यावा म्हणून. तुझ्या नवऱ्याला मी कळवीन. तुला कुणी बोल लावणार नाही." एवढं बोलून त्या शर्टांना काजं करायला बसल्या, कारण दोन डझन शर्ट सोमवारी द्यायचे होते.

सूनबाई रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना मशीनला जोडलं, तिने भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि तडक वकीलकाकांचं दुकान गाठलं. काका एका ट्रॅक्टरवाल्याची जबानी घेत होते. ती मध्येच बोलली.

"काका, मी खोटं बोलले. मागे पोती नसतात."

आणि मग तिने सगळं सांगितलं. दोन वर्षांत घराबाहेर कुणाला न सांगितलेलं, त्या ट्रॅक्टरवाल्यादेखत, एका दमात. बुधवार शेवटचा, इथे येऊन ती थांबली.

खोटं का बोललात, असं काका म्हणाले नाहीत. म्हणाले, "मी मागे बसायला हवं होतं. बसलो असतो तर कळलं असतं. चूक माझी आहे ताई." मग घड्याळाकडे बघून विचारलं, "किती वाजता सुटतात त्या?"

"अजून साडेतीन तास आहेत."

"चला तर. तुमच्या घरापर्यंत जायचं आणि परत यायचं. त्या कशा बसतात?"

"झोपतात. उशी असते. डावा हात वर ठेवतात, मशीनच्या सुया त्यातच लावतात, त्यावर भार द्यायचा नसतो."

ट्रॅक्टरवाला समजूतदार निघाला. "माझं काय, मी उद्या येतो," म्हणाला आणि दुकानाचं शटर त्यानेच खाली ओढलं. काका मागच्या सीटवर चढले, सासूबाईंच्याच उशीवर डोकं ठेवून आडवे झाले, डावा हात छातीवर घेतला. उंचीने जास्त असल्याने त्यांचे गुडघे वर आले आणि पायांचं काय करावं ते त्यांना कळेना. एरवी हे बघून कुणीही हसलं असतं.

"काका, तुमची पाठ..." सूनबाई म्हणाली.

"खराब आहे तेच बरं. चांगल्या पाठीला काही कळत नाही. नेहमी जाता तशा जा. माझ्यासाठी हळू घेऊ नका."

डांबर होतं तोवर ते अधूनमधून बोलत होते. माती लागली आणि मागून आवाज बंद झाला. सात किलोमीटर. खाणीजवळच्या दगडांवर एकदा "अरे देवा" एवढंच ऐकू आलं. घराच्या फाटकापाशी तिने गाडी थांबवली. काका उठले नाहीत. छताकडे बघत म्हणाले, "रोज येतात या अशा?"

"आठवड्यातून तीनदा. जाऊन-येऊन सहा वेळा."

"आणि असे टायर घालून हसतमुखाने परत पाठवतो मी लोकांना," ते स्वतःशीच म्हणाले. "वळवा गाडी."

परतीच्या वाटेवर त्यांनी दोनदा थांबवून स्वतःच्या हाताने थोडी थोडी हवा कमी केली आणि पुन्हा आडवे झाले. कुठे धक्का कमी झाला, कुठे गाडी डोलायला लागली, हे बोटांवर मोजत आले. दुकानात पोचल्यावर त्यांना गाडीतून उतरायला दाराचा आधार घ्यावा लागला. तरी त्यांनी जॅक दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नाही. जाड टायर काढले, आणि आतल्या खोलीतून दुसरे चार आणले. नक्षी जवळजवळ तीच, माती धरणारी. पण बाजूचं रबर मऊ, माणसांच्या गाडीचं. अंगठ्याने दाबून त्यांनी तिला दाखवलं. "हे दगडावर थोडे दबतील. दगड यांनी सोसायचा, मावशींनी नाही. पोती घालायची नाहीत यांवर कधी." मग हवा भरून आकडा दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून दिला. पैशाचा विषय तिने काढला तसा त्यांनी हातानेच उडवून लावला. मशीन सुटायला वीस मिनिटं उरली असताना ती हॉस्पिटलच्या आवारात शिरली.

त्या दिवशी परतताना माती लागली आणि सूनबाईचे कान मागे लागले. पहिला खड्डा गेला. खोकला नाही. दुसरा गेला. खाणीजवळचे दगड आले, गेले. मागे शांतता इतकी होती की तिला भीती वाटली. तिने आरशात बघितलं. सासूबाईंचं तोंड किंचित उघडं होतं, मान उशीवर कलली होती, आणि त्या घोरत होत्या. सूनबाईने फाटकातून गाडी आत घेतली, इंजिन बंद केलं, आणि ती जागची हलली नाही. अर्धा तास तशीच बसून राहिली. आपण रडतोय हे तिला बऱ्याच वेळाने कळलं. असं काही मागावं हेही तिला सुचलं नसतं, आणि एका परक्या माणसाने ते आणून पदरात घातलं होतं.

सासूबाई जाग्या झाल्या, घरात आल्या, उशी हातात घेतली आणि नाकाशी नेली.

"हिला रबराचा वास कसा येतोय?"

मूग गिळून बसण्यात आता अर्थ नव्हता. सूनबाईने सगळं सांगितलं. आपण बाहेर बोललो तेही. काका याच उशीवर ब्याऐंशी किलोमीटर पडून होते तेही. सासूबाईंनी ऐकून घेतलं, उशीची खोळ काढायला घेतली, मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा चढवली.

"पाठ दुखली का त्याची?" एवढंच त्यांनी विचारलं.

"उतरता येत नव्हतं त्यांना."

बुधवारी दोघी जाऊन आल्या. त्याही दिवशी सासूबाई झोपल्या. गुरुवार काजं आणि गुंड्या करण्यात गेला, शुक्रवारचं कुणीच काढलं नाही. सूनबाईची विचारायची हिंमत होईना. नाही म्हणाल्या तर काय करायचं, हे तिला ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी पहाटे तिला जाग आली तेव्हा सासूबाईंचा पलंग रिकामा होता. उशीही नव्हती. अनवाणीच ती अंगणात धावली. जीपचं मागचं दार उघडं होतं आणि सासूबाई आत बसलेल्या होत्या, वेणी घालून, औषधांची पिशवी मांडीवर घेऊन.

"किती झोपशील?" त्या म्हणाल्या. "मशीन काय तुझी वाट बघतंय?"

शहरात शिरल्यावर त्यांनी गाडी बसस्टँडच्या मागे घ्यायला लावली. काका नुकतंच शटर वर करत होते. दुकानापुढे दोन रिक्षावाले आणि तो ट्रॅक्टरवाला उभे होते. सासूबाईंनी काच पूर्ण खाली केली.

"अहो वकील, जरा इकडे या."

काका हात पुसत आले.

"माझी दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत," सासूबाई म्हणाल्या, वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात. रिक्षावाल्यांनी माना वळवल्या. "आठवड्यातून तीनदा मला मशीन लावतात. आजपासून मी जाणार नव्हते. बंद करणार होते. आता जाते आहे. हे हिने सांगून भागण्यासारखं नव्हतं, म्हणून मी आले. तुमचे माझ्यावर उपकार आहेत."

सूनबाई स्टिअरिंग धरून बसली होती. दोन वर्षं दाताचा डॉक्टर सांगायला लावणाऱ्या बाई या. तिला मागे वळून बघवेना.

काका खाली बसले, मागच्या चाकाची टोपी काढली, हवा मोजली, टोपी लावली. उठताना पाठीवर हात गेला. "मावशी," ते म्हणाले, "हवा आठवडाभराने उतरते. शुक्रवारी जाताना इथूनच जात जा. मी बघत जाईन."

त्याला आता साडेचार वर्षं होतील. मधे दोनदा टायर झिजले, दोनदा त्याच जातीचे नवे चढले. शुक्रवारी सकाळी सातला काका हवेचं मीटर घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभे असतात, पाऊस असला तर छत्री घेऊन. एकही शुक्रवार त्यांनी चुकवलेला नाही, आणि सासूबाईंनीही नाही.